आत काय हाय?

समोरच्या काकूंकडं हळदी-कुंकू होतं. संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. आमच्या कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतल्या गल्लीत रथसप्तमीपर्यंत रोज संध्याकाळी कुणाच्या ना कुणाच्या घरी जावं लागतं, आणि ओवीला हे जाणं फार आवडतं. बांगड्यांचा आवाज असतो, बायका गाल ओढतात, वाणात कधी तिच्या कामाची एखादी वाटी मिळून जाते. त्या दिवशी काकूंनी तिच्या हातावर तिळाचा मऊ लाडू ठेवला. "तीळगूळ घे, गोड बोल," म्हणाल्या. ओवीनं लाडू तोंडाकडं नेलाच नाही. ती सतरंजीवर बसली, दोन्ही अंगठे रोवून लाडू मधोमध फोडला, एक फोड डोळ्यांजवळ धरली, वास घेतला आणि मान वर करून काकूंना विचारलं, "आत काय हाय? औशद हाय?"

बायका हसल्या. "लई हुशार हाय गं तुझी लेक," कुणीतरी म्हणालं. काकूंनी तिला जवळ घेतलं आणि तीळ हाय, गूळ हाय, शेंगदाण्याचं कूट हाय, असं एकेक नाव घेऊन सांगितलं. ओवीनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि लाडवाच्या दोन्ही फोडी माझ्या हातात आणून ठेवल्या. मी त्या रुमालात बांधल्या. घरी येईपर्यंत रुमालाला तेलाचा डाग पडला होता. रात्री ती झोपल्यावर ओट्याशी उभी राहून मी त्या खाल्ल्या. लाडू चांगला झाला होता, वेलदोडा जरा जास्त. पण घास घशाखाली उतरेना. दोन वर्षं चार महिन्यांच्या पोरीला लाडवात औषध असू शकतं, हे कुणीतरी शिकवल्याशिवाय कसं कळेल?

मीच शिकवलं होतं.

दसऱ्यानंतरची गोष्ट. ओवी किरकिरी झाली होती, जिना चढताना मध्येच बसायची, आणि दोनदा तुळशीच्या कुंडीतली माती खाताना सापडली. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, पोरं माती खातातच. मला मात्र ते बरं वाटेना. बालरोगतज्ज्ञ मॅडमनी तिची खालची पापणी ओढून बघितली, नखं बघितली आणि रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन 9.8 आलं. या वयाला 11 च्या खाली गेलं की रक्त कमी धरतात. मॅडम ओरडल्या नाहीत, घाबरवलंही नाही. देशात सहा महिने ते पाच वर्षांच्या शंभर मुलांतल्या 67 मुलांचं रक्त कमी असल्याचं 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळलं होतं, असं त्यांनी सांगितलं. मला धीर यावा म्हणूनच सांगितलं असणार. मला उलट धडकी भरली. शंभरातली 67 म्हणजे आमच्या गल्लीतल्या दर तीन पोरांतली दोन, आणि आपण रोज त्यांना खेळताना बघतो.

लोहाचे थेंब लिहून दिले. ज्यांनी ते दिलेत त्यांना तो वास सांगायला नको. गंजलेली किल्ली ओल्या मुठीत धरून ठेवावी तसा. ओवीनं पहिल्या दिवशी ते गिळले, दुसऱ्या दिवशी थुंकले, तिसऱ्या दिवशी ड्रॉपर बघूनच ओठ असे मिटले की कडेनं पांढरे पडले. तिच्या बाबांनी हात धरले, मी गाल दाबले. ते दृश्य मला आजही नको वाटतं. चौथ्या दिवशी मी हुशारी केली. तिला खजुराचा लाडू आवडायचा. जेवण नको, भाजी नको, वरण-भात दोन घास, पण खजुराचा लाडू म्हटलं की खुर्ची ओढत यायची. मी लाडवाला बोटानं खळगा केला, थेंब त्यात सोडले, वरून बंद करून खोबऱ्याच्या किसात घोळवला आणि हसत तिच्यापुढं धरला. तिनं विश्वासानं मोठा घास घेतला. चावणं मध्येच थांबलं. तिनं माझ्याकडं बघितलं, रडली नाही, तोंड उघडून सगळं जिभेनं बाहेर ढकललं आणि हातात उरलेला लाडू फोडून आत बघितलं. मध्यभागी काळपट ओला डाग होता.

त्या दिवसापासून ती प्रत्येक घास फोडून बघायला लागली. लाडू, चपाती, इडली, केळंसुद्धा.

खजुराच्या त्या लाडवावर माझा किती जीव होता हेही सांगायला हवं, म्हणजे मी काय नासवलं ते कळेल. ओवी वर्षाची झाली आणि तिची भूक एकदम निम्मी झाली, तेव्हापासून मी ते करत होते. पहिल्या वर्षात मूल जन्मावेळच्या वजनाच्या तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं, म्हणून भूक उतरते. त्यात नवल काही नाही. हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटायचं, पोर उपाशी आहे. एवढीशी खाणार, तर त्या एवढ्याशात सगळं मावलं पाहिजे, या ध्यासानं मी लक्ष्मीपुरीत जाऊन सामान आणायचे. काळा मऊ खजूर, खारकेची पूड, डाळं, तीळ, शेंगदाणे, सुकं खोबरं. ती दोन वर्षांची होईपर्यंत लाडवात गूळ नाही, साखर नाही, खजुराचीच काय ती गोडी. शिरोली एमआयडीसीतल्या कारखान्यात मी हिशेबाचं काम करते. सहाला घरी पोचायचं आणि ओवी झोपली की मिक्सर लावायचा, हा माझा शनिवार.

मोबाईलवर अशा खाऊला 'नो-बेक' म्हणतात आणि बऱ्याच ठिकाणी कच्चं पीठ तसंच घालायला सांगतात. ते मला पटत नाही. आपल्याकडं लाडू भट्टीत कधी गेलाच नाही, पण जे घालायचं ते आधी कढईत जाऊन आलेलं असतं. नाचणीचं पीठ मंद आचेवर दहा-बारा मिनिटं तरी परतावं लागतं. आधी त्याला ओल्या मातीसारखा वास येतो, मग काहीच वास येत नाही, आणि मग एकदम बिस्किटासारखा खरपूस सुटतो; तेव्हा उतरवायचं. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं हे खरं, पण कच्चट पीठ पोराच्या पोटाला बाधलं तर त्या कॅल्शियमचं काय करायचं? शेंगदाणे भाजून, गार करून, फडक्यात चोळून सालं फुंकायची. मिक्सर सलग फिरवायचा नाही, थांबून थांबून, नाहीतर कूट तेल सोडतं. थोडं तेल सुटलेलं मात्र हवं असतं, कारण मग तूप न घालता लाडू वळतो. खजुराच्या बिया काढून तो तव्यावर जरा कोमट केला की हातानंच मळता येतो. आणि लाडू गोल ठेवायचा नाही. हे मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं: अख्खा शेंगदाणा, अख्खा बदाम पाच वर्षांपर्यंत द्यायचा नाही, आणि गोल, कडक असं काहीच नाही, घशात अडकतं. म्हणून मी तो तळहातावर दाबून चपटा करायचे, दोन बोटांत दाबला तर मोडेल एवढा मऊ. रुपयाएवढा. ओवी त्याला 'टिकली' म्हणायची.

ती टिकलीसुद्धा फोडून बघायला लागली.

गुळाबद्दल मॅडम जे बोलल्या ते मला लागलं होतं. मी म्हटलं, आता दोन वर्षांची झाली, गुळाचे लाडू देते, गुळानं रक्त वाढतं. त्या म्हणाल्या, "गूळसुद्धा साखरच आहे. तिला दिवसाला आठ मिलीग्रॅम लोह लागतं. सुपारीएवढ्या गुळातनं त्यातलं कितीसं येणार? चवीला द्या, औषध म्हणून देऊ नका." मी गुळाच्या घरातली. पन्हाळ्याच्या वाटेवर आमच्या आज्जाचं गुऱ्हाळ होतं. गूळ म्हणजे साखर, हे वाक्य आमच्या सोप्यात कुणी उच्चारलं असतं तर त्याला चहा मिळाला नसता. पण त्यांचं बरोबर होतं. घरी येऊन मी पुस्तकातले आकडे काढून बघितले आणि गप्प बसले.

दुसरं त्यांनी विचारलं, दूध किती पिते? आत्तींनी अभिमानानं सांगितलं, चार पेले. म्हशीचं, घट्ट, साय मोडून. मॅडम म्हणाल्या, अर्ध्या लिटरच्या वर नको. दुधात लोह जवळजवळ नसतंच, पोट मात्र भरून जातं आणि बाकीचं जेवण राहतं. सकाळी चहात बटर बुडवून देता ना, ते पण बंद करा, चहा लोह अंगाला लागू देत नाही. आत्ती परत येताना रिक्षात एक शब्द बोलल्या नाहीत. मी दिवसभर कारखान्यात. पोर त्यांच्या अंगाखांद्यावर. तिनं जेवण ढकललं की त्या दूध देत होत्या, कारण पोर उपाशी राहिलेलं त्यांना बघवत नव्हतं. त्यांच्या लेखी तेच सगळ्यात चांगलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर ओवीचा स्टीलचा पेला घासून, पुसून, फडताळात वरच्या फळीवर उलटा ठेवलेला. मी म्हटलं, "आत्ती, दोन पेले द्यायला सांगितलंय की. सगळं बंद नाही." त्या म्हणाल्या, "तूच दे बाई मापून. मला कुठलं माप कळतंय." त्या वाक्यातलं दुखणं काढायला मला महिना लागला.

दूध आणि कोल्हापूर हे असं आहे. गंगावेशीत म्हैस समोर पिळून पेला हातात देतात तो फेस ओठाला लावूनच आमची पोरं मोठी होतात. शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान बांधून घेतलं ते 1912 साली पुरं झालं, आणि तालमी तर त्याच्याही आधीच्या. त्यामुळं खुराक हा शब्द इथं देवाच्या नावासारखा घेतात. माझे दोन चुलतभाऊ तालमीत जायचे. त्यांच्यासाठी आज्जी रोज रात्री बदाम भिजत घालायची आणि पहाटे आम्ही पोरी ते सोलून पाट्यावर वाटायचो. थंडाईसाठी. बडीशेप, खसखस, मिरी, वेलदोडा. बदाम वाटून वाटून बोटांना दिवसभर गोडसर वास यायचा. पाटा धुण्याआधी बोटानं पुसून चाटायची पाळी लावलेली असायची: आज मी, उद्या ताई. आम्हाला त्यात काही कमी वाटत नव्हतं, उलट मजा वाटायची. ओवीच्या वेळी दिवस गेले आणि माझं हिमोग्लोबिन 8.9 निघालं तेव्हा माझी चुलती सहज म्हणाली, "बाईच्या जातीला रक्त कमीच असतंय." पाऊस पडतोय म्हणावं तितकं सहज. ओवीचा रिपोर्ट हातात आला त्या रात्री मला तो पाटा आठवला. गर्भारपणात आईचं रक्त कमी असलं तर बाळाला मिळणारी शिदोरीही कमीच पडते. म्हणजे त्या 9.8 मध्ये थोडा हिस्सा त्या पाट्याचा होता का? हा हिशेब मांडता येत नाही, मला माहीत आहे. मी आकड्यांचं काम करते, तरी तो मांडायचा सोडता येत नाही.

आज्जीवर राग धरावा तर तेही होत नाही. तिच्याच हातचं तंबीट माझ्या जिभेवर आहे. नागपंचमीच्या आदल्या दिवशी ती मोठी परात घेऊन सोप्यात बसायची. गहू आणि डाळं भाजून जात्यावर दळलेलं पीठ, सुंठ, वेलदोडा, खोबरं, तीळ. गूळ पाण्यात विरघळवून, गाळून घ्यायची, कारण तळाला खडा असायचाच. परातीभोवती आम्ही सगळे. "कुणी हात घालायचा न्हाई," असं ती म्हणायची आणि कुणी हात घातला तर काही म्हणायची नाही. पीठ गूळपाण्यानं भिजायला लागलं की आधी वाळूसारखं, मग चिखलासारखं, मग एकदम मुठीत आकार धरायचं. त्या क्षणी वास बदलायचा. ज्याच्या हातात जे येईल ते त्यानं वळायचं. माझा लाडू कायम बुटका. नागोबाला नैवेद्य दाखवायला आज्जीचे, आणि आमचे आम्हाला. मी तेव्हा साय बघून ओकारी काढणारी, कारली बघून पळणारी पोर होते. पण तंबिटाचा लाडू हातात घेऊन कुणी फोडून बघितल्याचं मला आठवत नाही. बघायचं काय त्यात? सगळं डोळ्यांदेखत पडलेलं असायचं.

फोडून बघायचा तो आज्जा. पण गूळ. "गूळ वरनं बघून घिऊ नये," म्हणायचा. वरून पिवळाधमक दिसतो त्यावर तर त्याचा विश्वासच नव्हता. रंग पावडर टाकूनही आणता येतो. तो गुळाचा रवा, म्हणजे ढेप, हातात घेऊन वजन बघायचा, मग कोपरा फोडून कणी बघायचा, चिमूट जिभेवर ठेवायचा. क्षारपड रानातला ऊस असेल तर गूळ खारट लागतो, ते त्याला लगेच कळायचं. शाहूपुरीची पेठ शाहू महाराजांनी 1895 साली वसवली तेव्हापासून आमच्या घराचा गूळ तिथं जात होता म्हणे. 2014 साली कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, ते बघायला आज्जा नव्हता. पण असता तरी त्यानं तो शिक्का बाजूला ठेवून कोपरा फोडलाच असता. हळदी-कुंकवाच्या रात्री ओट्याशी उभी असताना हे मनात आलं आणि मी थांबले. ओवी जे करते ते आज्जाच करायचा. फरक एवढाच, की त्याला आत चांगलं काय आहे ते शोधायचं असायचं आणि हिला वाईट काय आहे ते.

पुढच्या रविवारी सकाळी वीज गेली. मी लाडवाचं सगळं भाजून ठेवलं होतं आणि मिक्सर बंद. एरवी हे काम मी ओवी झोपल्यावर, स्वयंपाकघराचं दार लोटून करायचे, कारण मिक्सरच्या आवाजाला ती घाबरते. त्या दिवशी इलाज नव्हता. आत्तींनी पोटमाळ्यावरून लोखंडी खलबत्ता काढला, धुतला, जमिनीवर जुनी चादर घातली. पहिला घाव बसला आणि ओवी धावत आली. खलात डाळं होतं. "आत काय हाय?" मी म्हटलं, बघ. तिनं हात घातला, मूठभर डाळं काढलं, चार दाणे चादरीवर सांडले. मग मी एकेक वाटी तिच्यापुढं ठेवली. शेंगदाणे सोललेले. तीळ. नाचणीचं पीठ, ज्यात तिनं लगेच गालापर्यंत तोंड घातलं आणि शिंकली. खजूर तिला हातात चिकटला ते आवडलं नाही, हात झटकत राहिली. बत्ता उचलायचा होता. आत्तींनी तिच्या हातावर हात ठेवून उचलला. दण्, दण्. दाण्यांचा चुरा कसा होतो ते ती वाकून बघत होती, तिच्या लाळेचा एक थेंब खलात पडला, मी काही बोलले नाही.

तिनं पाच लाडू वळले. वळले म्हणजे मुठीत दाबले. प्रत्येकावर चार बोटांचे खड्डे. आणि एकही खाल्ला नाही. ओळीनं चादरीवर मांडून ठेवले. मला आत कुठंतरी फार वाईट वाटलं, कारण मनात मी तेवढ्यात गोष्ट पुरी केली होती: पोर स्वतः लाडू करते आणि आवडीनं खाते. तसं काही झालं नाही. खाल्ला तो आत्तींनी. ओवीनं त्यातला एक उचलून त्यांच्या तोंडापुढं धरला, "आज्जी, खा," आणि त्यांनी तो अख्खा तोंडात घातला. मी लग्न होऊन आल्यापासून सहा वर्षांत आत्तींना केल्या-केल्या लाडू खाताना बघितलं नव्हतं. त्या सगळ्यांचं झालं की डब्याच्या तळाचा चुरा खातात. त्या दिवशी त्या चादरीवर मांडी घालून, डोळे मिटून, सावकाश चावत होत्या, आणि ओवी त्यांच्या हलणाऱ्या जबड्याकडं टक लावून बघत होती.

औषध मी आता औषध म्हणूनच देते. दुधाबरोबर नाही, जेवणाआधी, मोसंबीच्या दोन चमचे रसाबरोबर. आंबटानं लोह चांगलं लागू पडतं. तिला सांगते, हे औषध आहे, वाईट लागतं. थेंब मागच्या दातांकडं सोडते, म्हणजे दात काळे पडत नाहीत. ती पहिले आठ-दहा दिवस रडली. आता रडत नाही, पण ड्रॉपर तोंडात जायच्या आधी हातात घेऊन उजेडाकडं धरते, आतला काळा रंग बघते, मग तोंड उघडते. आणि मग "वाईट" म्हणते. मीही म्हणते, "हो, वाईट." गेल्या आठवड्यातल्या तपासणीत 10.7 आलं. मॅडम म्हणाल्या, पुरेसं झालं तरी पुढं काही महिने चालू ठेवायचं.

लाडू ती अजून फोडते. एखादा पदार्थ आठ-दहा वेळा पुढं आल्याशिवाय या वयाची पोरं तो आपला मानत नाहीत, हे मी वाचलंय. गमावलेला भरवसा परत यायला किती वेळा लागतात ते कुठं लिहिलेलं सापडलं नाही. खलबत्ता आता पोटमाळ्यावर जात नाही. दर रविवारी चादर पडते. कधी शिळ्या चपातीचा कुस्करा, तूप आणि चिमूटभर गूळ, कधी राजगिऱ्याच्या लाह्या आणि खजूर. कधी ती दोन घास खाते, कधी सगळं आत्तींना भरवते. आत्तींनाही मी मॅडमकडून गोळ्या लिहून आणल्या. त्या म्हणाल्या, मला काय झालंय? मी म्हटलं, तपासून बघू की. त्यांचं 9.2 निघालं. दुधाचा पेलाही फडताळातून खाली आला. तो आत्तीच भरतात, दोन वेळा, मापून; आणि तेव्हा मी स्वयंपाकघरात थांबत नाही.

परवा रविवारी आम्ही गावाकडं गेलो. आज्जाचं गुऱ्हाळ केव्हाच बंद झालं, पण वाटेत एका ओळखीच्यांचं चालू आहे. लांबूनच तो वास आला, करपट गोड, आणि धुरानं डोळे चुरचुरले. चुलवाणात चिपाडं धडधडत होती. काहिलीत रस उसळत होता, वर मळी आली की झाऱ्यानं ओढून काढत होते. ओवी बाबांच्या खांद्यावरून उतरायला तयार नव्हती. पाक वाफ्यात ओतला, हलवला, घट्ट होत आला, तेव्हा म्हाताऱ्या गुळव्यानं कडेचा गरम गोळा पाण्यात बुडवून गार केला आणि पळसाच्या पानावर ठेवून ओवीपुढं धरला. "घे की गं बाय."

ती उतरली. पानाजवळ गेली. हात मागं बांधलेले.

"आत काय हाय?"

गुळव्या हसला नाही. त्यानं डोक्याचा टॉवेल काढून घाम पुसला, तिच्या उंचीला खाली बसला आणि म्हणाला, "ऊस."

ओवीनं मागं रचलेल्या उसाच्या मोळ्यांकडं बघितलं. मग गोळ्याकडं. मग पानावरून तो उचलून, दोन्ही अंगठे रोवून फोडला, आणि फोड डोळ्यांजवळ धरून त्यात ऊस शोधू लागली.